वाकड्या दांड्याचं फूल

वलवणला एक्स्प्रेसवेच्या तोंडाशी आम्ही दोघी उभ्या होतो. पुण्याहून मुंबईच्या विमानतळाला जाणारी गाडी मला तिथून घेणार होती. आई कामावरून तशीच आली होती. गुलाबांच्या पॉलिहाऊसचे जाड हातमोजे कमरेला खोचलेले आणि हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक गुलाबाचं फूल, दांडा मधेच वाकलेला.

वाकड्या दांड्याचं फूल परदेशी जात नाही. ग्रेडिंगच्या टेबलावर ते बाजूला पडतं. अशी चार फुलं घरी न्यायची आईला परवानगी होती, आणि शनिवारची फुलं ती पाण्यात ठेवून रविवारी लोणावळ्याला आमच्या चर्चमध्ये वर वेदीपाशी ठेवायची. "सरळ फुलं विमानात बसत्यात, वाकडी देवाम्होरं," असं ती म्हणायची.

"हे घे," ती म्हणाली. "तिकडं पोचस्तवर टिकंल."

"आई, फूल नेऊ देत नाहीत तिकडे."

"आमच्या मालकाची तर रोज जात्यात."

"त्यांच्याकडे कागद असतात."

"मग ऱ्हाऊ दे. रविवारी वर ठेवीन, तुझ्या नावानं."

गाडी आली. मी मागे वळून पाहिलं तेव्हा आई दोन्ही हातांनी ते फूल धरून उभी होती, त्यामुळे तिला हात हलवता आला नाही.

त्या सकाळला आता सात वर्षं झाली. मावळातल्या माझ्या माणसांनो, तुमच्यातले काही जण अजून बेडशाच्या लेण्यांखालच्या, आईच्याच रस्त्याने कामाला जातात, आणि काही जण माझ्यासारखे कुठल्या कुठे जाऊन पडले आहेत. दोघांनाही मला एक गोष्ट सांगायची आहे, कारण ती दोघांच्या मधल्या अंतरात घडली.

आमच्या वाडीत आमचं एकच ख्रिस्ती घर. बाबा मी चौथीत असताना प्रभूकडे गेले. पॉलिहाऊस आलं तेव्हा आई पहिल्या दिवसापासून तिथे लागली. माझी तळेगावची शाळा, पुण्याचं कृषी महाविद्यालय, पुढच्या शिष्यवृत्तीसाठी लागलेले कागद, हे सगळं त्या गुलाबांवर झालं. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. जगाचे बाजार एकमेकांना जोडले गेल्याने गरिबाचं वाटोळं झालं, असं कुणी सरसकट म्हणालं की मला हो म्हणवत नाही. पवनेच्या खोऱ्यातली कळी दोन दिवसांत हजारो मैलांवरच्या टेबलावर उमलते, ही मला आजही नवलाची गोष्ट वाटते, आणि त्या नवलावरच मी शिकले.

हॉलंडमध्ये शिक्षण संपवून मी फुलं आयात करणाऱ्या एका कंपनीत गुणवत्ता विभागात लागले. माझे साहेब यान, साठीचे, उंच, सायकलवर येणारे. त्यांना मी दोन वर्षं 'सर' म्हणत होते. शेवटी ते म्हणाले, सर म्हणालीस की मला शाळा आठवते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला फुलांचा लिलाव दाखवला. तिथे भिंतीवर मोठं घड्याळ असतं आणि किंमत वरून खाली धावते. जो आधी बटण दाबेल त्याचा माल. कुणी ओरडत नाही, कुणी हसत नाही. काही सेकंदांत गाडाभर फुलं विकली जातात.

मला आमचा कापणीचा सण आठवला. भात घरात आलं की मंडळीतला प्रत्येक जण आपल्या पिकातलं काही चर्चमध्ये आणतो. इंद्रायणी तांदूळ, कोहळा, गावरान कोंबडी, अंडी. उपासनेनंतर अंगणात त्यांचा लिलाव होतो. तिथे किंमत वर चढते, आणि एका नारळासाठी दोन रिटायर रेल्वेवाले हट्टाला पेटतात. ज्याला मिळतो तो नारळ परत टेबलावर ठेवतो, "पुन्हा बोला" म्हणतो, आणि शेवटी तो नारळ त्याच्याच घरी जातो ज्याला बोली लावायची ऐपत नसते. यानना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, "आमचं घड्याळ तसं चालवलं तर महिन्यात दिवाळं निघेल. पण वर्षातून एकदा चालवून पाहायला हवं."

इथे मी ज्या चर्चला जाते तिथे घानाचे, सुरिनामचे, फिलिपिन्सचे लोक येतात. प्रभूची प्रार्थना प्रत्येक जण आपापल्या भाषेत म्हणतो. मी मराठीत म्हणते. बायबलमध्ये बाबेलचा बुरूज आहे, तिथे सगळ्यांची एकच भाषा होती आणि एकच गर्व. आणि पेंटेकॉस्टचा दिवस आहे, तेव्हा देशोदेशीच्या प्रत्येकाला प्रभूची वार्ता आपल्या भाषेत ऐकू आली. जग जवळ येतं ते या दोनांपैकी कशासारखं, हा प्रश्न मला त्या बाकावर पहिल्यांदा सुचला. उत्तर मात्र ऑफिसात मिळालं.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, कंपनीला फुलं पुरवणाऱ्यांच्या तपासणीच्या यादीत आईचं पॉलिहाऊस आलं. मी यानना लगेच सांगितलं की तिथे माझी आई काम करते. ते म्हणाले, "मग अहवाल तू लिहायचा नाहीस. पुण्याची तपासनीस जाईल. तू फक्त प्रश्न लिही." मी प्रश्न लिहिले. त्यात एक होता: कीटकनाशकाच्या फवारणीनंतर कामगार किती वेळाने आत जातात? नियम दुसऱ्या दिवसाचा आहे.

त्या रविवारी फोनवर मी आईला सहज विचारलं.

"किती वेळानं म्हंजी? फवारा झाला की लगीच. वास असतोय तवर तोंडाला पदर बांधायचा."

"आणि हात?"

"हातमोजं फाटल्यात. हात खाजतोय थोडा. तुला काय आज कळलं व्हय?"

मला आजच कळलं होतं. ज्या हातांनी माझी फी भरली ते हात का लाल असतात हे मी एवढ्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. काट्यांनीच होत असेल असं मी धरून चालले होते.

पुढे मी जे केलं ते लिहायला मला अजून जड जातं. माझ्या डोक्यात हिशेब आला की हे उत्तर लिहिलं गेलं तर मागणी थांबणार, काम बंद पडणार, आणि आईबरोबरच्या बावीस बायका घरी बसणार. मी म्हणाले, "आई, बाई येतील तपासायला. विचारलं तर दुसऱ्या दिवशी आत जातो म्हण."



"स्नेहे," आई म्हणाली, "तुला एवढं शिकवलं ते मला खोटं शिकवायला?"

"तुझ्यासाठीच सांगतेय."

"ते फूल तिकडं कुनाच्या लग्नात जात असंल, कुनाच्या मयतावर ठेवत असतील. त्या मानसानं माझं काय वाईट केलंय? त्याच्या दारात फुलासंगं माझं खोटं धाडू?"

तपासनीस आल्या. सुपरवायझरसमोर बाकीच्या बायका 'दुसऱ्या दिवशी' म्हणाल्या. आईने 'लगीच' म्हटलं आणि हात पुढे करून दाखवले. आठवड्याभरात आमच्या कंपनीची मागणी थांबली, आणि मालकाने सगळ्यांना पुढचा निरोप येईपर्यंत घरी बसवलं.

शेजारची सिंधूमावशी, आईबरोबर रोज एकाच जीपमधून कामाला जाणारी, पाण्याच्या टाकीपाशी आईला सगळ्यांदेखत म्हणाली, "मंजुळे, तुज्या देवाला खरं लय आवडतं म्हनं. आमचा देव जरा सांभाळून घेतो बाई."

"तुज्या देवानं तुजं हात कुटं सांभाळलं?" आई म्हणाली. पण घरी येऊन ती जेवली नाही, हे मला नंतर कळलं.

त्या कार्तिकात बायका भातकापणीला गेल्या. कापणीच्या सणाला आईकडे न्यायला फूल नव्हतं. मजुरीत मिळालेला पायलीभर इंद्रायणी तिने टेबलावर ठेवला. चर्चच्या पाळकसाहेबांना सगळं माहीत होतं. उपदेशात ते एवढंच म्हणाले की आपण एकाच शरीराचे अवयव आहोत, आणि मावळातला हात दुखतो तेव्हा दूर देशातल्या डोळ्याला पाणी यायला पाहिजे. नसेल येत तर ते शरीर नव्हे, नुसता बाजार. मग लिलाव झाला. आईचा तांदूळ सात वेळा विकला गेला आणि सात वेळा टेबलावर परत आला. शेवटी त्यासोबत सगळी टोपलीच, कोहळ्यासकट, आईच्या पदरात पडली, कामावरच्या बायकांच्या घरी पोचवायला. आईखेरीज मंडळीतलं कुणीही त्या बायकांपैकी एकीलाही ओळखत नव्हतं. सिंधूमावशीने तांदूळ घेतला. "कोहळा ठेव तुला," ती म्हणाली, "माज्या घरी कुनी खात न्हाई."

पाळकसाहेबांचं ते वाक्य आईने मला फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्या पॉलिहाऊसवर निर्णय होता. कागदावर एकच ओळ होती: खरेदी कायमची बंद. सगळे सही करायला तयार होते. मी यानना म्हणाले, मला बोलायचंय.

मी सांगितलं की त्या तेवीस जणींमध्ये एकच खरं बोलली, ती माझी आई. आणि तिला खोटं बोलायला सांगणारी मी होते. प्रश्न लिहिणारीही मीच. आपण आता कायमचं बंद केलं तर खोऱ्यातलं प्रत्येक पॉलिहाऊस यातून एकच धडा घेईल, की बाईला आधी खोटं पाठ करवून घ्या. मग आपल्याकडे फक्त चांगले अहवाल येतील आणि हात तसेच लाल राहतील.

 माझी नोकरी गेली असं धरूनच मी खाली बसले.

यान म्हणाले, "तू प्रश्न लिहायचं काम आजपासून सोड." आणि थोड्या वेळाने, "आता उत्तरं कशी मिळवायची ते काम कर." मला त्यांनी लेखी ताकीद दिली, ती माझ्या फाइलीत आजही आहे आणि ती योग्यच आहे. पण 'कायमची बंद' ही ओळ त्यांनी खोडली. हातमोजे नवे, फवारणीनंतर दाराला कुलूप, दारावर फळा आणि फळ्यावर आत जायची वेळ. हे झालं की खरेदी सुरू. आणि नव्या हातमोज्यांचा अर्धा भार कंपनीने उचलायचा, कारण एवढी वर्षं स्वस्त फूल आपणही घेतलंय, असं तेच म्हणाले. ते चर्चला जात नाहीत. पण त्या दिवशी मला वाटलं, लिलावाचं घड्याळ क्षणभर उलटं फिरलं.

मालकाने कुरकुर करत सगळं केलं. फळ्यावर वेळ लिहायचं काम आईकडे आलं. चौथी शिकलेली आई आता रोज खडूने आकडा काढते. मागच्या वर्षी सुपरवायझर घाई करायला लागला तेव्हा सिंधूमावशी कात्री खाली ठेवून उभी राहिली म्हणे. "आदी मंजुळीचा आकडा, मंग कात्री." मालकही आता पाहुण्यांना तो फळा दाखवतो, जणू त्यालाच सुचला होता.

गेल्या महिन्यात मावळातून आईच्या पॉलिहाऊसचे खोके आले. मी एक उघडून तपासत होते. वीस फुलांच्या बंचमध्ये एकोणीस सरळ आणि एक मधेच वाकलेलं. ग्रेडिंगच्या टेबलावर इतक्या वर्षांत आईच्या हातून अशी चूक झालेली नाही. मी फूल हातात घेऊन किती वेळ उभी होते कोण जाणे. मग तक्त्यात लिहिलं: वाकडा दांडा, एक. आणि संध्याकाळी फोन केला.

"आई, बंचमधे एक वाकडं आलं."

"आसं? माज्याच हातनं गेलं असंल."

"मी दोष नोंदवलाय."

"नोंदवायलाच पायजे," ती म्हणाली, आणि मागे सिंधूमावशीचं हसू ऐकू आलं. "पर टाकलं न्हाईस ना?"

टाकलं नव्हतं. ते माझ्या खिडकीत पेल्यात होतं. घर कुठे, असं इथे मला अजून विचारतात, आणि मी बेडशाचं नाव सांगते, मग नकाशा दाखवते. त्या संध्याकाळी मात्र मला नकाशा लागला नसता. वलवणला जे फूल आईच्या हातात राहिलं होतं ते सात वर्षांनी माझ्या खिडकीत पोचलं होतं, या वेळी सगळ्या कागदांनिशी, त्याच्या दोषासकट.

"टिकलं का गं?" आईने विचारलं.

"टिकलंय," मी म्हणाले. "रविवारी वर ठेवीन, तुझ्या नावानं."