पत्रिकेचं मशीन हळू केलं तेव्हा

धारवाडात एका निवृत्त मास्तरांकडे पत्रिका जुळवायचा डॉसवरचा प्रोग्रॅम होता. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, आणि वेग असा, की गुण निघेपर्यंत मुलगी बोटभर उंच व्हायची. लोकांची तक्रार नव्हती. ते चहा पीत, एकमेकांची गावं विचारत, आणि प्रिंटर करकरायला लागला की हात जोडून उभे राहत.

दोन हजार सालानंतर ते मशीन मेलं. हुबळीत कंप्युटर दुरुस्त करणारा मी. मीच त्यांना विंडोजचं नवं मशीन बसवून दिलं आणि जुना प्रोग्रॅम त्यातल्या काळ्या खिडकीत चालवून दाखवला. आता एंटरवर बोट ठेवायच्या आधीच गुण हजर. मला अभिमान वाटला. गाढव होतो.

कारण त्या मशीनवर पहिली पत्रिका माझीच आली. मुलगी विद्यानगरची, मला मनापासून पसंत. तिचे अप्पा सरकारी नोकर. मास्तरांनी जन्मवेळा घातल्या आणि अप्पा खुर्चीला टेकायच्या आत पडद्यावर सव्वीस गुण.

"बघितलं कधी यानं?" अप्पा म्हणाले. "आमच्या ऑफिसात जन्माचा दाखला द्यायला तीन आठवडे लागतात. जन्माची गाठ चुटकीत?"

"मशीन नवीन आहे," मी म्हणालो.

"बसवलं कुणी?"

"मीच."

"हं. रविवारी परत येतो. नीट दिसलं तर ठीक, नाहीतर बेळगावचं स्थळ थांबलंय."

ते गेल्यावर मास्तर सावकाशीला आमच्याकडचा कानडी शब्द वापरून म्हणाले, "निधान पाहिजे रे अण्णा, निधान. एवढ्या घाईनं सांगितलेलं कोण खरं मानतं? सावकाश कर ते."

जुने प्रोग्रॅम नव्या मशीनवर मंद चालवणारा एक छोटा प्रोग्रॅम तेव्हा मिळायचा. तो लावला. आपणही कमी नाही. असा लावला, की तेवढ्या वेळात बैलगाडी रायापूरला जाऊन, बैलांना पाणी पाजून परत आली असती.

रविवारी अप्पा आले, बरोबर मुलगीही. तिचा कंप्युटरचा कोर्स झालेला. पडद्यावर एकेक ओळ उमटू लागली. पहिल्या चहाला वर्ण, दुसऱ्याला ग्रहमैत्री. अप्पा चष्मा पुसून पुसून बघत होते.

मुलगी मात्र पडद्याच्या खालच्या पट्टीकडे बघत होती. तिथं माझ्या मंद करणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव उघडं पडलं होतं. झाकायला मी विसरलो होतो. तिनं ते वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"फारच वेळ लागतोय," अप्पा चुळबुळले. "बिघडलं की काय?"

"बिघडलं नाही, अप्पा," ती म्हणाली. "सगळं नीट तपासतंय. बसा तुम्ही."

ते बसले. नाडीची ओळ उमटेपर्यंत तिसरा चहा निवला होता, आणि अप्पा मास्तरांना मुहूर्त विचारत होते.