माप चुकलं नव्हतं

दत्ताराम गेल्याचा फोन त्याच्या मुलाने केला तेव्हा मी मुलुंडच्या घरी मेथी निवडत बसलो होतो. ‘‘काका, बाबा गेले.’’ मी नुसतं ‘बरं’ म्हणालो. असल्या बातमीला कुणी ‘बरं’ म्हणतं का... पण आदल्याच आठवड्यात एक खरी गोष्ट सांगायला मी भांडुपला त्याच्याकडे गेलो होतो आणि ती न पटवताच परत आलो होतो. आता पटवायला माणूसच उरला नाही, एवढंच तेव्हा डोक्यात आलं.

ऐंशीच्या दशकात साकीनाक्याच्या एका गाळ्यात आम्ही दोघं यांत्रिक हात बनवत होतो. एका रसायन कारखान्याला विषारी वायूच्या खोलीतल्या बाटल्या माणूस आत न पाठवता उचलायच्या होत्या. हात आत, चालवणारा भिंतीबाहेर. आधी एकच कॅमेरा आणि टीव्ही लावला, पण त्या सपाट चित्रात बाटली जवळ की लांब हेच कळेना. हात कधी अलीकडेच मिटायचा, कधी बाटली पाडायचा. दत्ताराम म्हणाला, ‘‘अरे, देवाने दोन डोळे उगाच दिलेत काय?’’ मग आम्ही शेजारी शेजारी दोन कॅमेरे बसवले आणि स्कूटरच्या हेल्मेटात दोन चिमुकले पडदे, प्रत्येक डोळ्यासमोर एक. दोन बुबुळांत जेवढं अंतर, तेवढंच कॅमेऱ्यांत आणि पडद्यांत हवं. चालवणारा दत्ताराम, म्हणून त्याला स्टुलावर बसवून ते अंतर पट्टीने मी मोजलं. ‘‘हलू नको रे.’’ ‘‘मग तू लांब हो. एवढ्या जवळून तुझं थोबाड बघवत नाही.’’ स्क्रू त्याने आवळले. त्या संध्याकाळी हेल्मेट घालून त्याने यांत्रिक हाताने एका कपातला चहा दुसऱ्या कपात ओतला. थेंब सांडला नाही.

कारखान्याचे मोठे साहेब बघायला आले. दत्ताराम चालवत होता तोवर सगळं झकास. मग साहेबांनी हेल्मेट स्वतः घातलं. रुंद चेहऱ्याचा माणूस, बुबुळांतलं अंतर दत्तारामपेक्षा जास्त; त्यांना एकाच्या दोन बाटल्या दिसायला लागल्या. हात बाटलीवर आपटला, काचा झाल्या. ‘‘साहेब, हे माझ्या डोळ्यांवर...’’ दत्ताराम बोलू लागला, तेवढ्यात साहेब ओरडले, ‘‘कोणी बसवलंय हे?’’ स्क्रू सैल करून अंतर जरा वाढवलं असतं की झालं असतं. पण साहेबांना ‘हे तुमच्या डोळ्यांना बसत नाही’ असं सांगायची माझी छाती झाली नाही. मी म्हणालो, ‘‘दत्ताराम, माप चुकलं तुझं.’’ तो वाकून काचा गोळा करायला लागला. काम गेलं, हात भंगारात गेला, आणि पुढे जो कोणी विचारी त्याला मी तेच सांगत गेलो.

त्या शेवटच्या भेटीत सगळं बोलून टाकलं. पलंगावर उशीला टेकून त्याने ऐकलं आणि हसला. ‘‘मेल्या, माका बरा वाटूचा म्हणून सांगतंस.’’

‘‘अरे, माप मीच घेतलं होतं. बरोबर होतं.’’

‘‘तू घेतलंस. स्क्रू मी आवळले ना? तेव्हा सरकला असणार.’’

‘‘मग चहा कसा सांडला नाही?’’

‘‘माका त्या चुकीची सवय झाली होती.’’ एवढं म्हणून तो कुशीवर वळला. मी खोटं बोललो असेन हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं.

तेराव्यानंतर वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘भावोजी, म्हणून होय... ह्यांनी घरात कधी पट्टी हातात धरली नाही. पडदा शिवायचा असो, कपाट बसवायचं असो, ‘तू मोज गो, माझा काय खरा नाय.’ मला वाटायचं, आळस.’’ दत्तारामचा फोटो अजून खालीच, भिंतीला टेकून होता. वहिनींनी टेप घेऊन भिंत मोजली, पेन्सिलीने खूण केली आणि हातोडी माझ्याकडे दिली. ‘‘मोजायचं मी, ठोकायचं ह्यांनी, असंच चालायचं आमचं.’’ मी खिळा खुणेवर धरला, हातोडी उचलली आणि न मारताच पुन्हा खाली घेतली.

‘‘मारा बिनधास्त,’’ वहिनी मागून म्हणाल्या. ‘‘मी दोनदा मोजलंय.’’