पुठ्ठ्याचा आडोसा

आईच्या खाटेजवळची खिडकी मी कामाला बसते तेव्हा पाठीमागे येते. दुपारी उजेड थेट कॉम्प्युटरवर पडतो आणि अक्षरं दिसेनाशी होतात.

“पडदा ओढू का?”

“नको गं. पडल्या पडल्या तेवढंच आभाळ दिसतं मला.”

म्हणून मी खोक्याचा पुठ्ठा कापला, आतून काळा कागद चिकटवला आणि स्क्रीनला आडोसा केला. अक्षरं स्वच्छ दिसू लागली, पण कामात लक्ष लागेना. आधी स्क्रीनवरच्या चकाकीत मागची आईही दिसायची. श्वासाबरोबर वरखाली होणारी तिची चादर बघत मी इतके दिवस काम करत होते, हे आत्ता कळलं.

मी आडोसा काढला आणि टेबल फिरवून तिच्यासमोर बसले.

“अगं, आता उजेड तुझ्या डोळ्यांवर येईल.”

“येऊ दे,” मी म्हटलं.