सहाणेवरची गोळी

मी औषधनिर्माणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होतो. घरात कॉलेज पाहिलेला पहिलाच, त्यामुळे कॉलेजातल्या सरांसमोर बोलायचा मला धीर होत नसे. सत्तरचं दशक संपत आलं होतं. त्या उन्हाळ्यात सर जालन्याच्या एका दवाखान्यात दुखण्यावरच्या नव्या गोळीबद्दल सल्ला द्यायला आले होते. आलेख काढायला आणि माणसांना समजावून सांगायला त्यांनी मला सोबत आणलं होतं.

गोळीची सवय लागू नये, यासाठीच सगळी धडपड होती. सर सांगायचे, औषध रक्तात एकदम चढलं की माणूस त्या चढण्याचीच वाट पाहू लागतो. म्हणून ही गोळी पोटात हळूहळू, दिवसभर विरघळेल अशी केली होती. राजीखुशीने नाव दिलेली माणसं पहाटे घरी गोळी घेऊन एसटीने यायची. मग दिवसभरात तीनदा त्यांचं रक्त तपासलं जायचं. कुंभार पिंपळगावहून माझा बा पण यायचा. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलून कंबर गेल्यापासून तो अफूवर होता. अफूची पितळी डबी बंडीच्या खिशात असायची. ही गोळी सुरू झाल्यापासून त्याने डबी उघडली नव्हती, पण दुपारी हात खिशाकडे जायचा.

आलेख वाईट आले. सकाळी रेघ उंच, दुपारी तळाला. एकच रेघ सपाट होती, नवीन जालन्यात एकटा राहून खानावळीत जेवणाऱ्या कारकुनाची. सरांनी ती चूक समजून बाजूला ठेवली आणि ते म्हणाले, "ही गोळी थांबवा, असं लिहावं लागेल."

म्हणजे बा पुन्हा डबीकडे.

मी त्या सपाट रेघेकडे पाहत राहिलो. खानावळीत सहाण नसते. आमच्या घरी होती. बाळगुटीपासून सगळी औषधं माय तिच्यावरच उगाळायची. ही गोळीही तिने माझ्यासमोर पाण्याचा थेंब टाकून उगाळली होती आणि गुळासोबत बाला चाटवली होती. आमच्याकडे औषध असंच घेतात, म्हणून मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. मी ते सरांना कसंबसं सांगितलं.

सरांनी बाजूला ठेवलेला तो आलेख पुन्हा पुढ्यात घेतला. मग ते म्हणाले, "म्हणजे दिवसभराचं औषध एकदम पोटात. आपण गोळीचा नाही, सहाणेचा आलेख काढला." त्यांनी बाकीच्यांनाही विचारलं. कोणी उगाळली होती, कोणी खलबत्त्यात कुटली होती.

मी घरी जाऊन मायला समजावलं. ती म्हणाली, "एवढे शिकलेले साहेब, अन् गोळी अख्खी गिळायची एवढं सांगायचं ऱ्हायलं व्हय?" सांगण्याचं काम माझंच होतं.

पुढच्या आठवड्यात सगळ्यांनी अख्खी गोळी गिळली. मी एकेक टिंब जोडत गेलो. रेघ वर गेली, थांबली आणि तशीच सपाट चालत राहिली. सगळ्यांची. सरांनी थांबवण्याचं पत्र फाडलं आणि त्या आलेखाखाली माझी सही घेतली.

बाहेर बाकड्यावर बा शेजाऱ्याशी पाऊसपाण्याचं बोलत बसला होता. तीन वाजल्याचं मी सांगितलं.

"तीन? दुपार कवा झाली रे, मला कळलंच न्हाई."

त्याच महिन्यात त्याने डबी रिकामी करून मायला दिली. ती त्यात सुया ठेवते.