मापाड्याच्या घरातलं विमान

एका जागी बूड टेकून बसणं मला आजही जमत नाही, पण त्या हिवाळ्यात तर कहरच झाला होता. मी जळगावात मॅट्रिकच्या वर्गात होतो. शाळाशाळांच्या विज्ञान स्पर्धेसाठी ग्लायडर करायचं होतं, स्पर्धा धुळ्याला होती, आणि घरी माझं पुढचं सगळं ठरून गेलेलं होतं. आबा, म्हणजे माझे वडील, कापूस बाजारात मापाडी. गाड्यांतून येणारा कापूस मोठ्या काट्यावर तोलणं हे त्यांचं काम. मॅट्रिक झाली की मी त्यांच्या हाताखाली काट्यावर उभं राहायचं. मला मात्र कॉलेजात जायचं होतं. आबांना सांगायची छाती नव्हती, म्हणून आईला सांगितलं. तिने एकदा जेवताना तो विषय काढला, तर आबा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "हातनं सोडीसन पळतानामांगे कोन धावस?" तो विषय तिथेच संपला, आणि माझं जेवणही.

आमचं ग्लायडर म्हणजे बांबूच्या कामटीचा बारीक कणा, ज्वारीच्या ताटाच्या भेंडाच्या फासळ्या आणि त्यांवर पतंगाचा कागद. कागद कणकेच्या खळीने चिकटवायचा, तोही जपून, कारण खळ जास्त झाली की पंख जड होतो आणि वाळताना वाकतो. पुढच्या टोकाला आम्ही चोच म्हणायचो. तिथे मेणाचा बारीक गोळा. मेण जास्त झालं की विमान सरळ जमिनीत घुसायचं. कमी झालं की चोच वर करायचं, जागीच अडखळायचं आणि कोसळायचं. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी ते उडायचं.

ते मधलं सापडणं हे माझ्यासारख्याचं काम नव्हे. विज्ञानाचे सर सांगून दमले, की एका वेळी एकच बदल कर, मग फेक, मग बघ. मी मेण काढायचो आणि त्याच झटक्यात शेपटीही वाकवायचो. मग कशाने काय झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. सर म्हणायचे, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." मी शाळेच्या पडवीत सकाळी वारा सुटायच्या आत फेकायचो, संध्याकाळी वारा पडल्यावर फेकायचो, आणि मधल्या वेळी वर्गात बाकाखाली पाय हलवत बसायचो. घरी अंगणात फेकताना आबा एकदाच थांबले होते. "बठ्ठा दिन काय करी ऱ्हायना रे तू? कागद उडाडीसन पोट भरस का?" असं विचारून ते उत्तराची वाट न बघता बाजारात गेले. मला त्यांचा राग यायचा. खरं सांगायचं तर ते बरोबर असतील याची भीती जास्त वाटायची.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी विमान एकदाचं जमलं. पडवीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते असं गेलं, की सर स्वतः जाऊन ते उचलून घेऊन आले. मी ते पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलं, सुतळीने बांधलं आणि देवघराशेजारच्या फळीवर ठेवून दिलं. सकाळी उठलो तेव्हा आबा बाजारात गेलेले होते. हंगाम होता, गाड्या पहाटेच लागायच्या.

एसटीत खोकं मांडीवर घेऊन बसलो. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, आणि मी सरांना दर थोड्या वेळाने विचारत होतो की उघडून बघू का. ते नाही म्हणायचे. धुळ्याच्या त्या शाळेत, तिन्ही बाजूंनी इमारत असलेल्या चौकात पोरं रांगेने उभी होती. माझी पाळी जवळ आल्यावर खोकं उघडलं.

विमानाच्या चोचीवर चंदनाचं गंध होतं. चांगलं बोटभर, जाड, आणि त्यात रुतलेल्या अक्षता. वाळून घट्ट बसलेलं. आई लावायची ते हळदकुंकू. आमच्या घरी चंदन उगाळायचे ते फक्त आबा. दसऱ्याला ते काट्याला असंच गंध लावायचे, नवा दोर बांधला की त्यालाही लावायचे. त्याशिवाय त्यावर पहिला कापूस चढत नसे.

मी संतापलो. सर म्हणाले, खरवड. मी नख लावलं तर गंधाबरोबर कागदही उचलून यायला लागला. मग हात आवरला. आता एकच उपाय होता, तेवढं मेण कमी करायचं. पंखांखाली दोन बोटं धरून विमान तोललं. चोच खाली गेली. मेण काढलं, पुन्हा तोललं, पुन्हा काढलं. आबांवर चिडलो होतो, आणि आणखीही काहीतरी होतं, ते काय हे त्या वेळी बघायला सवड नव्हती.

दोन फेकी मिळायच्या. पहिल्या फेकीला विमान चोच वर करून कोसळलं. मी घाईत जास्तच मेण काढलं होतं. शेपटी वाकवायला बोटं शिवशिवत होती, पण तिला हात लावला नाही. फक्त तिळाएवढं मेण परत चिकटवलं. दुसऱ्या फेकीला ते गेलं. चौकभर हळूहळू उतरत गेलं, भिंतीशी वळलं आणि उन्हात जाऊन बसलं. तिसरा नंबर आला.

घरी पोचलो तेव्हा आबा अंगणात हातपाय धूत होते. केसांत, भुवयांत कापसाचे बारीक तंतू. मी एसटीत पाठ केलेलं सगळं भांडण तयार होतं.

"उडनं का?" त्यांनी विचारलं.

"उडलं. तिसरा आलो. आबा, गंध कशाला लावलं? चोच जड झाली ना."

त्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. रतलाभर कापसावरून व्यापाऱ्यांशी भांडणारा माणूस. "मी मापाडी," ते हळू म्हणाले, "आनि माले वजन नही समजनं." मग तोंडावर पाणी मारून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "काट्यावर दुसरा पोऱ्या देखी ठेयेल शे मी. तू कॉलेजनं देख."

मला वाटलं, हे नंबरामुळे. म्हणून विचारलं, "कधी ठरवलं?"

"आज सकायी. बाजारात गऊ तवाच."

तेव्हा मी अजून अंथरुणात होतो, आणि विमान फळीवर.