चेंबरचा नट

मालकाची जुनी फियाट मी विकत घेतली ती बाबांना तिच्या मागच्या सीटवर बसवण्यासाठी. बाबांनी उभं आयुष्य त्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून काढलं आणि मागच्या सीटवर ते चढले ते फक्त पुसायचं फडकं घेऊन. मला त्यांना तिथे बसवून देऊळगाव राजाच्या बाजारातून, मालकाच्या दारावरून, हॉर्न वाजवत न्यायचं होतं. असल्या इच्छा मला लहानपणापासून आहेत. सरकारी नोकरी लागली तेव्हाही पहिला विचार हाच आला, की मालकाला कळलं असेल का.

गाडी कित्येक वर्षं त्यांच्या गोदामात उभी होती. ती गॅरेजपर्यंत ओढून आणली, मिस्त्री खाली शिरला आणि तिथूनच ओरडला की चेंबरचा नट कुठाय. चेंबर म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं. त्याच्या तळाचा नट काढला की जुनं तेल वाहून जातं, लावला की नवं आत राहतं. तो नसेल तर इंजिन म्हणजे भंगार. मिस्त्रीने दुकानातून आणलेले नट लावून पाहिले. एक सैल बसला, बोटाने हलत होता. दुसरा दोन आटे गेला आणि अडकला. मी म्हटलं, पाना लावून आवळ.

"आटे गेले तं चेंबर गेलं, साहेब," तो म्हणाला. "हिचा जुनाच नट आना."

मी मालकाला फोन केला.

"डब्यात आहे ना. गाडी उभी केली तवा तेल काढून नट डब्यात टाकला. पन त्यात ढीगभर पडले आहेत. तुह्या बापाले घेऊन ये, त्याले येते ओळखू."

बाबा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत, चपला घालून माझ्या गाडीत बसले. ओळखायचा कसा तेवढं सांगा, मी एकटाच जाऊन आणतो, असं मी म्हणून पाहिलं होतं. "पाह्यल्यावर सांगतो," एवढंच उत्तर मिळालं. त्या फियाटबद्दल ते घरी कधी बोललेच नाहीत. रस्त्यात तशी एखादी दिसली, की मात्र ती दिसेनाशी होईपर्यंत मान वळवून पाहत राहायचे. हे प्रेमच आहे, असं मी गृहीत धरलं होतं.

मालक पोर्चमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून संत्रं सोलत होते. दुसऱ्या खुर्चीवर त्यांनी पाय ठेवले होते आणि ते तिथेच राहिले. मी येतानाच ठरवलं होतं की यांना मालक म्हणायचं नाही. "नमस्कार काका," म्हटलं. ते सोलत राहिले. पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. त्यांनी एक फोड तोंडात टाकली, बी थुंकली. बाबा माझ्या बाजूला उभे होते. शेवटी मी "मालक" म्हणालो.

"हां, बोल," ते म्हणाले.

डबा त्यांच्या खुर्चीशीच होता. त्यांनी तो उचलला आणि फरशीवर पालथा केला. बोल्ट, नट, वॉशर खणखणत चहूकडे गेले, काही त्यांच्या खुर्चीखाली गेले.

"घे. शोध रे ड्रायव्हर."

बाबांनी हात पाठीमागे बांधले आणि हलले नाहीत. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून मीच उकिडवा बसलो. एकेक नट उचलायचा, रुमालाने पुसायचा, वर त्यांच्यासमोर धरायचा. ते म्हणायचे, "नाही." पुढचा. "नाही." एक चांगला जाडजूड निघाला, टोकाकडे किंचित निमुळता, डोक्यात षटकोनी खाच. माझा जीव भांड्यात पडला. "हाच ना बाबा?"

"तो गिअरबॉक्सचा," बाबा म्हणाले. गिअरबॉक्सच्या तळालाही असाच नट असतो हे मिस्त्रीने मला सांगितलं होतं. मी तो परत ढिगात टाकला.

"खुर्चीखाली पाह्य," मालक म्हणाले. पाय काही त्यांनी उचलले नाहीत. मी हातापायांवर रांगत, डोकं वाकवून त्यांच्या पायांखाली शिरलो. पॅन्टचे गुडघे ग्रीसने काळे झाले. वरून संत्र्याचं साल माझ्या पाठीवर पडलं. ते चुकून पडलं असेल, असं मी आजही मानायला तयार नाही.

खुर्चीखालचेही सगळे "नाही" निघाले.

"माह्यं खाऊन म्हातारा झाला अन् एक नट ओळखता येत नाही तुले," मालक बाबांना म्हणाले. "जा आता. फुकट वेळ खाल्ला."

आम्ही निघालो. गावाबाहेर टपरीजवळ बाबांनी चहासाठी थांबायला सांगितलं. गाडीतच कप घेऊन बसलो.

"आता अख्खं चेंबर बदलावं लागणार," मी म्हणालो. "नव्हताच त्यात."

"होता."

"कोणता?"

"गिअरबॉक्सचा म्हटलं तो."

मी कप डॅशबोर्डवर ठेवला. "मग मले काऊन वेचायले लावलं? त्याच्या पायाखाली शिरलो मी, बाबा! तुम्ही उभे राहून पाहत होते."

"त्याची गाडी पाह्यजे होती ना तुले? थोडी पाह्यली तू. अजून लय आहे."

"तुमच्यासाठी घेतली. तुमाले मागं बसवायले."

बाबांनी चहाचा घोट घेतला आणि घाई न करता सांगितलं.

"मागून तो छत्रीची दांडी टोचे. डावीकडं वळायचं तं डाव्या खांद्यावर, उजवीकडं तं उजव्या. गाव ओळखीचं, रस्ता ओळखीचा, तरी टोचे. संग पाहुणे असले तं मानंवर मारे, हसायले. तुही माय विचारे हे वळ कायचे, तं मी सांगे बोनेट लागलं." त्यांनी माझ्या मानेकडे पाहिलं. "त्या जागी मी बसू? अन् समोर तुले बसवू?"