खंडेनवमीला बंद केलेला डबा

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि शुद्धलेखन चौथीत सुटलं ते सुटलंच, तेव्हा चुका दिसतील, माफ करा. हे कोणी वाचणार नाही, तरी माफी मागून मोकळी झाले. सवयच लागली आहे. बसमध्ये कोणी माझ्या पायावर पाय दिला तरी मीच सॉरी म्हणते. पण आज लिहायला बसले ती राग आला आहे म्हणून. तोंडाने बोलायची मला लाज वाटते, म्हणून वहीत.

घाटकोपरला एका संस्थेत मी झाडलोट आणि धुण्याचं काम करते. घरात कोणी अंथरुणाला खिळलं की खाट, व्हीलचेअर, वॉकर विकत घेणं सगळ्यांना झेपत नाही. संस्था या वस्तू अनामत रक्कम घेऊन वापरायला देते. वस्तू परत आली की अनामत परत. आलेली वस्तू डेटॉलने धुऊन उन्हात टाकणं माझ्याकडे. माणूस बरा होऊन वस्तू परत आली की गेला म्हणून, ते आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघून कळतं.

पूर्वी पावतीपुस्तक होतं. मग एका सभासदाच्या भाच्याने सगळं कॉम्प्युटरवर करून दिलं. पैसे घेतले नाहीत, सेवा म्हणून केलं. पावत्या बंद झाल्या, पैसे भरले की फोनवर मेसेज जायचा. छान चाललं होतं, खोटं कशाला बोलू. मग तो मुलगा नोकरीला परदेशात गेला. सगळा हिशेब टेबलाखालच्या एका काळ्या डब्यात असतो, त्या डब्यावर तो जाताना इंग्रजीत चिठ्ठी चिकटवून गेला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ऑफिस सांभाळणारे सर म्हणाले, "मावशी, आज खंडेनवमी. यंत्रांना आराम. सगळं बंद करून पुसून घ्या, फुलं वाहा."

मी विचारलं, "टेबलाखालचा डबा पण?"

"का, तो काय यंत्र नाही?" सर हसले आणि वाकून बटण त्यांनीच बंद केलं. झेंडूची माळ मी घातली. ती नेमकी चिठ्ठीवर आली. हा डबा कधीही बंद करू नका, करावाच लागला तर आधी मला फोन करा, असं त्यावर लिहिलं होतं हे मला फार नंतर कळलं. मला इंग्रजी येत नाही. सरांना येतं.

दसरा झाला, डबा चालू केला, तर तो पासवर्ड मागायला लागला. पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता. दुरुस्तीवाला आला, बघून म्हणाला, "बिघडलंय कुठे? कुलूप लागलंय. किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला विचारा." एवढं सांगून तो गेला. कोणी कोणाला विचारलं नाही. थोड्या दिवसांनी नोंदी करायला टेबलावर बसते ती बाई फोनवर कोणाला तरी सांगत होती, "अगं, आमच्या मावशीने सिस्टिमवर हळदकुंकू सांडलं ना, वाट लागली सगळी." मी तिथेच लादी पुसत होते. हळदकुंकू डब्याला लागलंसुद्धा नव्हतं. मी फडकं पिळलं आणि पुढची लादी पुसली.

दिवाळी झाल्यावर काका आले. असल्फाच्या चढावर राहणारे, आमच्याच मालवणकडचे, रिक्षा चालवणारे. बायको वर्षभर झोपून होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांनी आमच्याकडून हवेची गादी नेली होती. ती त्यांनी स्वतः धुऊन, पंपाची वायर नीट गुंडाळून आणली. मला धुवायला काही ठेवलंच नव्हतं.

टेबलावरच्या बाईने विचारलं, "मेसेज दाखवा अनामतीचा."

"तो बायकोच्या फोनवर आलेला. ती गेल्यावर तो फोन पण विकला."

"मग काका, सिस्टिम चालू झाली की या."

ते पुन्हा आले. मग पुन्हा. दर वेळी रिक्षा उभी करायची, म्हणजे तेवढा धंदा बुडायचा. बायकोच्या दवाखान्यासाठी त्यांनी रिक्षावर कर्ज काढलं होतं, अनामतीतून त्याचे थकलेले हप्ते भरायचे होते. हप्ता चुकला की वसुलीवाला दारात येतो, शेजारी ऐकतात. हे त्यांनी मला बाहेर नळावर पाणी पिताना सांगितलं. आत कोणी विचारलंच नाही.

एकदा सर त्यांना म्हणाले, "असं करू, माणुसकी म्हणून अर्धे देतो. विषय संपवू."

काका म्हणाले, "माझी बायको काय अर्धीच गेली?" आणि निघून गेले.

तेव्हापासून माझ्या डोक्यात जाळ होता. माणुसकी म्हणे! त्याचेच पैसे, त्यालाच अर्धे द्यायचे, आणि वर माणुसकी आपली! शिवाय नोंद करता येत नाही म्हणून कोणाला नवी वस्तू देणंही बंद होतं. भिंतीला दहा व्हीलचेअर टेकवलेल्या. मी रोज त्यांच्यावरची धूळ पुसायची, आणि दारात कोणीतरी म्हाताऱ्या आईला पाठुंगळीला घेऊन उभा असायचा.

संक्रांतीनंतर विश्वस्तांची मीटिंग भरली. पुढच्या पाच वर्षांचा डिजिटल आराखडा. कोणीतरी सल्लागार पडद्यावर रंगीत चित्रं दाखवत होता. ॲप येणार, प्रत्येक व्हीलचेअर कुठे आहे ते नकाशावर दिसणार. मी चहा आणि तिळाचे लाडू घेऊन निघाले, तर बाहेरच्या बाकावर काका बसलेले. बाई त्यांना सांगत होती, "आज मीटिंग आहे, आज नाही जमणार."

मला काय झालं माहीत नाही. मी म्हटलं, "काका, चला," आणि ट्रे घेऊन त्यांच्यासकट आत शिरले. सगळे बघायला लागले. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "यांचं आधी."

सर म्हणाले, "मावशी, हे काय चाललंय?"

विश्वस्तांमध्ये एक वयस्कर मॅडम आहेत, निवृत्त शिक्षिका. त्यांनी काकांना खुर्ची दिली आणि सगळं ऐकून घेतलं. मग सरांना विचारलं, "पासवर्ड कोणाकडे आहे?"

"त्या मुलाकडे."

"फोन केलात?"

सर म्हणाले, "असं कसं विचारणार मॅडम? फुकटात करून दिलंय त्याने. जाब विचारल्यासारखं होतं."

दसरा गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली. फुकट काम करणाऱ्याला विचारायचा संकोच वाटला. पैसे भरलेल्याला परत पाठवायचा नाही वाटला. माझ्यावर खोटं घालायचा तर मुळीच नाही वाटला.

मॅडमनी तिथल्या तिथे फोन लावून स्पीकरवर टाकला. मुलगा झोपेतून उठला असावा. म्हणाला, "अहो, मी निघताना ऑफिसच्या मेलवर पाठवलाय की! दोनदा. उत्तरच नाही आलं." ऑफिसची मेल कोणी उघडतच नव्हतं, सगळं व्हॉट्सॲपवर चालायचं. त्याने पासवर्ड परत सांगितला. सरांनी घातला. डबा उघडला. चहावर अजून साय धरली नव्हती.

मॅडम सल्लागाराला म्हणाल्या, "ॲप राहू द्या. आज हा डबा जळाला तर उद्या आपल्याकडे काय उरतं, ते सांगा." त्याच्याकडे त्याचं चित्र नव्हतं. मग ठरलं की पासवर्ड दोघांकडे असेल, हिशेबाची दुसरी प्रत बाहेर ठेवायची, मेल रोज उघडायची आणि मेसेजबरोबर कागदी पावती द्यायची. एवढ्यासाठी आराखडा कशाला लागतो?

काकांचं नाव निघालं, रक्कम निघाली. सर म्हणाले, "पडताळणी करून पुढच्या आठवड्यात चेक काढतो."

मी दारातच उभी होते, रिकामा ट्रे घेऊन. हलले नाही.

"आत्ता," मॅडम म्हणाल्या. "रोख."

सर माझ्याकडे न बघता कपाटाकडे गेले. हळदकुंकवाचं त्या दिवशी कोणी काही बोललं नाही, नंतरही नाही. माझी माफी कोणी मागितली नाही.

नोटा येईपर्यंत काकांनी मला हळूच विचारलं, "बाय, ती गादी गेली काय कोणाक?"

"नाय," मी म्हटलं. "पडून आहे अजून."

"धुऊन आणलेली रे मी," ते कोणाकडेच न बघता म्हणाले.

सरांनी पैसे टेबलावर ठेवले. काकांनी दोनदा मोजले. पूर्ण होते.